हजार तीस रुपयांची बोली

आम्हाला गाडी हौसेसाठी नको होती. हे आधीच सांगतो, कारण त्या काळी आमच्या कॉलनीत कुणी गाडी घेतो म्हटलं की लोक आधी त्याच्या पगाराकडे आणि मग त्याच्या चारित्र्याकडे बघायचे. ऐंशीच्या आसपासची गोष्ट आहे. मी सातपूरच्या एका कारखान्यात कॉस्टिंग विभागात होतो. एका नटाला किती पैसे पडले, हे काढणं माझं काम. राहायला आम्ही नाशिकच्या द्वारका चौकापलीकडे. मी सायकलने स्टँडपर्यंत जायचो आणि तिथून बसने कामावर.

गाडी हवी होती बायकोला. ती कारखान्यांना लागणारे जाड कापडी हातमोजे शिवायची. सुरुवात एका मशीनवर झाली. पुढे तिने स्वतःच्या पाटल्या विकून आणखी तीन मशिनी घेतल्या आणि कॉलनीतल्या सहा बायकांना कामाला लावलं. कॉलनीतल्या बुद्ध विहाराच्या बाजूच्या खोलीत दुपारभर मशिनी चालायच्या. माल पोचवायचा म्हणजे दोन गाठोडी घेऊन बस. कंडक्टर रोज नवा आणि त्याचं बोलणं रोज तेच. "बाई, ही बस आहे, मालगाडी नाही."

त्या वर्षी सातपूरच्या एका मोठ्या कारखान्याने तिला दर सोमवारी सहाशे जोड्यांची ऑर्डर देऊ केली. अट एकच होती. माल सकाळी आठच्या आत गेटवर पाहिजे. दोनदा उशीर झाला की ऑर्डर बंद. पहिला माल पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी द्यायचा होता. सहाशे जोड्या बसमध्ये चढत नाहीत. टेम्पो लावून पाहिला. पस्तीस रुपये घेतले आणि सकाळी साडेसातला सांगितलेला माणूस साडेनऊला भाजीच्या पाट्यांसकट आला. तो नमुन्याचा माल होता, म्हणून निभावलं.

"गाडी घेऊ," बायको म्हणाली. "जुनी, छोटी."

"चालवणार कोण?"

"मी."

तिचे वडील ट्रक चालवायचे. लग्नाआधीच त्यांनी तिला शिकवलं होतं आणि लायसन्सही काढून दिलं होतं. आमच्या लग्नात मला ते कागद दाखवले होते, पण मी त्यांचा विचार सायकलच्या पंपाइतकाही केला नव्हता.

त्या काळी रस्त्यावर मुख्यतः दोनच जातींच्या गाड्या होत्या. एक मोठी आणि एक छोटी. नवीन गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायला लागायचं, म्हणून जुन्या गाडीलाही भाव होता. छोटी गाडी विकाऊ असल्याचं आम्हाला नामपूरहून कळलं. तिथल्या एका कांदा व्यापाऱ्याने जीप घेतली होती आणि बारा वर्षांची छोटी गाडी काढायची होती. आम्ही बसने सटाण्याला आणि तिथून नामपूरला गेलो. गाडी मार्केटच्या आवारात उभी होती. मागची सीट काढलेली, खाली कांद्याची सालं.

"गाडी एकदम चांगली शे, भाऊ," व्यापारी मला म्हणाला. "मी खोटं नही बोलस."

किल्ली बायकोने घेतली. तिने बॉनेट उघडलं, तेलाची काडी काढून बोटांत चोळली, गाडी चालू करून थोडा वेळ नुसती ऐकत उभी राहिली आणि मग मार्केटला एक फेरी मारून आली. हमाल काम सोडून बघत होते. व्यापाऱ्याने मला विचारलं, "आन् तुम्ही काय करतस?"

"मी हिशोब करतो," मी म्हटलं.

एकोणीस हजार पाचशेवरून अठरा हजारांवर सौदा ठरला. पाचशे रुपये विसार दिला. "पंधरा दिवसांत बाकीचे द्या," तो म्हणाला. "हजार-पाचशेचं काही नही, पाहू." विसार धरून आमच्याजवळ सात हजार होते. अकरा हजार कमी पडत होते. परतीच्या बसमध्ये मी तिकिटांच्या मागे आकडे मांडायला लागलो. बायको खिडकीशी झोपली.

पहिला विचार प्रॉव्हिडंट फंडाचा. त्यातून उचल मिळायची ती घरासाठी, लग्नासाठी नाहीतर आजारपणासाठी. गाडीसाठी नाही. आमच्या विभागातला टाइमकीपर म्हणाला, "अण्णा, सासूला आजारी पाडा की."

"सासूबाई वारल्या, दोन वर्षं झाली."

"म्हणजे आजार गंभीरच होता."

सगळे हसले, मीही हसलो. पण खोटा अर्ज मी लिहिणार नव्हतो, हे त्यालाही माहीत होतं.

मग मी द्वारकेजवळच्या एका फायनान्सवाल्याकडे गेलो. टायरच्या दुकानावर त्याची खोली होती. अकरा हजार, तीन वर्षं, बारा टक्के. वर कागदपत्रांचे अडीचशे. बारा टक्के ऐकून मला बरं वाटलं, कारण आमच्या पतपेढीचा दर तेरा होता. त्याने हप्ता सांगितला, चारशे सोळा रुपये. मी तिथेच गुणाकार केला.

"तुम्ही तीनही वर्षं पूर्ण अकरा हजारांवर व्याज लावताय," मी म्हटलं. "पहिल्या हप्त्यानंतर मुद्दल कमी होतं ना? मग पुढच्या महिन्यात व्याज कमी का नाही?"

"सगळे असंच लावतात."

"घटत्या शिलकेवर मोजलं तर हे एकवीस टक्क्यांच्या वर जातं. आणि हप्ता चारशे पंधरा रुपये पंचावन्न पैसे येतो, सोळा नाही."

तो खुर्चीत मागे रेलला. "साहेब, तुम्ही गाडी घ्यायला आलात की माझं ऑडिट करायला?"

त्याचं चुकलं नव्हतं. त्याने काही लपवलं नव्हतं, फक्त सांगितलं नव्हतं. पण बारा म्हणजे एकवीस आणि तेरा म्हणजे तेराच, हे कळायला मला वहीचं एक पान लागलं. अनेकांना ते पान मिळत नाही. हे आजही खरं आहे, म्हणून लिहून ठेवतो. व्याजाचा दर विचारण्याआधी तो कशावर लावणार, हे विचारावं.

कारखान्याच्या पतपेढीतून माझ्या पगारावर पाच हजार मिळत होते. दोन जामीनदार हवे होते. एक टाइमकीपर झाला. दुसरा आमचा स्टोअरकीपर. त्याने सही करताना विचारलं, "कशाला लागतात?" मी खरं तेच सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी चालवणार? मग मी सही दोनदा करतो."

उरले सहा हजार. त्यासाठी माझी नजर भिशीवर होती.

आमच्या खात्यात वीस जणांची भिशी होती. दरमहा प्रत्येकी तीनशे, म्हणजे सहा हजारांचा गठ्ठा. तो कुणी उचलायचा, हे बोलीवर ठरायचं. ज्याला हवा त्याने किती रुपये सोडणार ते चिठ्ठीवर लिहायचं. ज्याची चिठ्ठी सगळ्यात मोठी, त्याला तेवढे कमी करून गठ्ठा मिळायचा आणि सोडलेले पैसे वीसही जणांत सारखे वाटले जायचे. भिशीची वही माझ्याकडे असायची. मी नेहमी शेवटी उचलायचो, कारण शेवटच्याला काही सोडावं लागत नाही आणि इतरांनी सोडलेलं मिळत राहतं.

तोंडी चालत आलेली एक रीतही होती. कुणाच्या घरी अडचण असली की त्याने आधी सांगायचं. मग इतरांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि त्याने सगळ्यांना चहा पाजून पूर्ण गठ्ठा उचलायचा. ही रीत मोडली ती मी. आदल्या वर्षी एका टर्नरच्या मुलीचं लग्न होतं. त्याने सांगितलं, तेव्हा मी म्हटलं होतं, "गरज तोंडाने सांगून फुकट उचलायचं असेल तर वही कशाला? बोली म्हणजे बोली. आणि चिठ्ठी उघडली की बदलायची नाही." त्याला चारशे रुपये सोडावे लागले. माझ्या वाट्याला त्यातले वीस आले होते. हिशोब बरोबर होता.

आता अडचण माझ्या घरी होती आणि ती सांगायला माझी जीभ उचलेना. सांगायचं कुठल्या तोंडाने? मी ठरवलं, आपण बोलीच लावू. त्या बैठकीत गठ्ठा हुकला तर पुढचा महिनाभराने, तोवर गाडी गेली आणि तिच्यामागे ऑर्डर गेली. तेव्हा किती सोडणं परवडेल, हे काढलं. भिशीचे अजून तेरा महिने उरणार होते. हेच सहा हजार फायनान्सवाल्याकडून तेरा महिन्यांसाठी घेतले असते तर व्याज सातशे ऐंशी, कागदपत्रांचे अडीचशे. एकूण हजार तीस. म्हणजे हजार तीसपर्यंत भिशी त्याच्यापेक्षा महाग पडत नाही. एरवी बोली तीनशे-चारशेच्या वर जात नसे. पण धोका नको म्हणून मी चिठ्ठीवर पूर्ण आकडा लिहिला. जी घट येईल तिच्यासाठी नामपूरवाला दोन महिने थांबेल, असं धरलं.

पगाराच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर जमलो. मी बोली लावणार म्हणून चिठ्ठ्या उघडायचं काम स्टोअरकीपरकडे दिलं. सहा जणांची भिशी उचलून झाली होती. उरलेल्या चौदा जणांच्या चिठ्ठ्या डब्याच्या झाकणात पडल्या.

"कोरी," तो म्हणाला. दुसरी उघडली. "कोरी."

तिसरी, चौथी, पाचवी. सगळ्या कोऱ्या. आठव्या चिठ्ठीपर्यंत मला समजलं होतं आणि माझी चिठ्ठी अजून झाकणातच होती. मी हात पुढे करून ती उचलू शकलो असतो. अकरावी माझी निघाली. स्टोअरकीपरने ती वाचली, उलटी करून पाहिली आणि पुन्हा वाचली.

"हजार तीस," तो हळूच म्हणाला.

मग टाइमकीपर म्हणाला, "अण्णा, ते वरचे तीस कशाचे?"

हसण्याचा असा लोंढा आला की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

"मीच सांगितलं सगळ्यांना," स्टोअरकीपर म्हणाला. "जामिनाची सही केली तेव्हाच कळलं होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही आम्हाला सांगितलं का?"

त्याने चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "ही फाडा. दुसरी कोरी घ्या. चहा सांगा आणि संपवा."

तो टर्नर समोरच बसला होता. त्याने गठ्ठा उचलला होता ती आदल्या वर्षीची जुनी भिशी; या भिशीत त्याची चिठ्ठी बाकी होती आणि तीही कोरीच निघाली होती. त्याच्याकडे बघून मी म्हटलं, "नाही. यांची बोली घेतली होती. माझी का सोडायची?"

"अहो, माझं मी विसरलो," टर्नर म्हणाला.

"मी नाही विसरलो. वहीत आहे."

बरीच वादावादी झाली. शेवटी तोच म्हणाला, "राहू द्या रे. माझ्याकडून यांना वीस रुपये गेले होते. आज यांच्याकडून मला साडेएक्कावन्न येतायत. मी नफ्यात आहे, कशाला बिघडवता?" पुन्हा हसणं. मी वहीत लिहिलं. आणि त्याच पानावर खाली लिहिलं की पुढच्या महिन्यापासून अडचण सांगणाऱ्यासाठी जुनी रीत चालू. वीस जणांच्या सह्या घेतल्या. पहिली सही टर्नरची.

हिशोब असा झाला. गठ्ठ्यातून हजार तीस गेले, माझ्या वाट्याचे साडेएक्कावन्न परत आले. कमी पडले नऊशे अठ्ठ्याहत्तर रुपये पन्नास पैसे. संध्याकाळी नामपूरला फोन लावला. व्यापाऱ्याचा आवाज खरखरत आला. "भाऊ, मालेगावचं गिऱ्हाईक पूर्ण रोख घेऊन उभं शे. तुम्हाला शब्द दिला म्हणून थांबस. पण रविवारपर्यंत. आन् पूर्ण."

मी घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं, कोऱ्या चिठ्ठ्यांसकट. ती कापड कापत होती. कात्री थांबली.

"म्हणजे चहाच्या पैशात काम होत होतं."

"हो."

"आणि तुम्ही हजार रुपये मोजून दिलेत. कुणी मागितले नसताना."

"हजार तीस."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती खाली बघून म्हणाली, "सहाशे जोड्यांचं कापड आणून ठेवलंय मी. उधारीवर." मग पुन्हा कापायला लागली.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी ती म्हणाली, "चला माझ्याबरोबर. नुसतं उभं राहायचं. आकडा मी विचारला तरच सांगायचा." विहाराच्या बाजूच्या खोलीत सहाही जणी मशिनींवर होत्या. तिने मशिनी थांबवायला सांगितल्या आणि सरळ बोलली. गाडीला नऊशे अठ्ठ्याहत्तर कमी आहेत. गाडी आली नाही तर ऑर्डर जाईल. तुमची गेल्या महिन्याची मजुरी मला परवा द्यायची आहे. ती दोन महिने थांबवता येईल का? नाही जमलं तर तसं सांगा, राग नाही.

इतकं सोपं होतं ते. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो.

"एकीला किती पडतात?" एकीने विचारलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "एकशे त्रेसष्ट रुपये आठ पैसे."

"आठ पैसे माझ्याकडे सुट्टे आहेत, भाऊ. आत्ताच घेऊन टाका."

"त्या गाडीत आम्ही बसणार का पण?" दुसरी म्हणाली.

"मागची सीट नाही तिला," बायको म्हणाली.

"मग खाली बसू. घरी कुठं सोफा आहे?"

कोपऱ्यातल्या मशीनवरची वयाने मोठी बाई म्हणाली, "मला शंभराच्या वर जमणार नाही. भाडं द्यायचंय." तिला सांगताना काही वाटलं नाही आणि ऐकताना कुणाला काही वाटलं नाही. बाकीच्या म्हणाल्या, तिचे राहिलेले आम्ही बघू. मी मनातल्या मनात भाग देऊन सांगितलं, "मग तुम्हा पाच जणींना एकशे पंचाहत्तर रुपये सत्तर पैसे."

"बघ, आठ पैशांवरून सत्तरवर नेलं. या माणसाला हिशोबाला बोलावू नका, ताई."

दोन महिन्यांनी मी त्यांची मजुरी तेरा टक्के व्याजासह दिली. पाच जणींना तीन रुपये ऐंशी पैसे, शंभरवालीला दोन रुपये सतरा. ते कसले, म्हणून त्यांनी परत करायचा प्रयत्न केला. मी घेतले नाहीत. शेवटी त्याचे पेढे आले.

शनिवारी आम्ही नामपूरला गेलो, पैसे मोजून दिले, कागदांवर सह्या झाल्या. व्यापाऱ्याने मागच्या जागेत कांद्याची एक गोणी टाकली. "ही हिशोबात नही," तो मला म्हणाला. गाडी बायकोने आणली. सटाण्यापुढे दोनदा गरम झाली म्हणून थांबलो, एकदा मला ढकलायला लागलं. तिला गाडी बंद करण्याचं भय बसलं ते तेव्हापासून. बॅटरी जुनी होती. नवीन बॅटरी माझ्या कागदावर कुठेच नव्हती.

पहिल्या सोमवारी पहाटे सहाही जणी गाठोडी लावायला आल्या. सहाशे जोड्या मागे बसल्या आणि माझ्या मांडीवर वीस जोड्या जादा, कुणी मोजताना चूक काढली तर असाव्यात म्हणून. द्वारकेला ट्रकची रांग होती. बायकोने हॉर्न वाजवला, तो वाजला नाही. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढून ट्रकवाल्याला "दादा, जरा आत घ्या" म्हटलं. त्याने बघितलं आणि ट्रक आत घेतला. सात चाळीसला आम्ही सातपूरच्या त्या गेटवर होतो. वॉचमनने वहीत वेळ लिहिली. स्टोअरच्या माणसाने गाठोडी मोजून घेतली आणि पावती दिली. सहाशे, बरोबर.

तिने पावती ब्लाउजमध्ये ठेवली आणि गाडी वळवली. पन्नास पावलांवर दुसऱ्या एका कारखान्याचं गेट होतं. तिथे पहिल्या पाळीचे लोक आत चालले होते आणि त्यातल्या बहुतेकांच्या हातांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. तिने गाडी कडेला घेतली.

"यांना विचारून बघायला पाहिजे."

"विचार ना," मी म्हटलं.

"मी उतरले तर गाडी बंद पडेल, आणि बंद पडली तर चालू होईल की नाही कोण जाणे. तुम्ही उतरा."

"मी काय सांगू?"

"आपल्याला काम पाहिजे म्हणून सांगा. भाव विचारला तर तुम्हाला येतोच."

ती एक पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून बसली होती. गाडी थरथरत होती. मी मांडीवरच्या जादा जोड्यांतली एक घेतली, दार उघडलं आणि गेटकडे चालायला लागलो.